गिटारचा पहिला पाठ : साध्य आणि पारख

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पालक, गायनमंडळाचे सभासद व नव्या गिटारवर्गांत येणारीं मुलें यांच्यापुढें धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण.)



महोत्सवाचा दिवस हा केवळ मागें वळून पाहण्याचा दिवस नव्हे. ज्या पूर्वजांनीं आपल्या कष्टाच्या पैशांतून हें ख्रिस्तमंदिर उभारिलें, त्यांचें ऋण त्यांची स्तुति करून फिटत नाहीं. पुढच्या पिढीच्या हातीं कांहीं तरी देऊनच तें फेडावें लागतें. याच विचारानें आपल्या धर्मग्रामानें या वर्षीं मुलांसाठीं गिटारचा वर्ग सुरू करण्याचें योजिलें आहे, आणि त्याविषयीं चार शब्द मीं बोलावे अशी आपली इच्छा आहे. विषय लहान दिसतो. परंतु ज्या गोष्टीचा मुलाच्या मनाशीं संबंध येतो, ती गोष्ट लहान म्हणवत नाहीं.

आपल्या घराघरांतून काय घडतें तें पहा. नाताळास अथवा वाढदिवसास मुलाच्या हातीं नवी कोरी गिटार येते. आठ दिवस घरांत तिचाच नाद चालतो. पुढें बोटें दुखूं लागतात, तारा उतरतात, शेजारचा मुलगा दोन गाणीं वाजवूं लागतो आणि आपल्या मुलास एकहि येत नाहीं. ईस्टर उजाडण्यापूर्वींच गिटार खुंटीस लागते. मग आई म्हणते, "ह्याच्या अंगांत सूरच नाहीं." बाप म्हणतो, "ह्याला चिकाटी नाहीं." मूल तें ऐकतें आणि खरें मानतें. पैसे वायां गेले ह्याचें मला तितकें दुःख नाहीं. परंतु दहा वर्षांच्या मुलानें देवानें आपणास कांहींच दिलें नाहीं असें मनाशीं ठरवून टाकावें, ह्याचें फार दुःख वाटतें.

आणि बहुतेक वेळां हा निवाडा खोटा असतो. कोठें जावयाचें हें त्या मुलास कोणीं सांगितलेलें नसतें. किती वाट चालून झाली हें कोणीं दाखविलेलें नसतें. मग पोंचला नाहींस म्हणून त्यास दोष कसा द्यावा? साध्य न सांगतां केलेली पारख म्हणजे अन्याय होय. आणि पारखेवांचून सांगितलेलें साध्य म्हणजे नुसती इच्छा होय. माझ्या भाषणाचें सार इतकेंच आहे. पुढें जें बोलेन तो त्याचाच विस्तार समजा.

प्रथम एक शंका दूर करूं. गिटार हें वाद्य ख्रिस्तमंदिरांत शोभतें काय, असें आपल्यांतील वडीलधारी मंडळी कधीं कधीं विचारतात. इ. स. १८१८ च्या २४ डिसेंबरच्या रात्रीं ऑस्ट्रिया देशांत, साल्झबुर्ग शहराजवळील ओबर्नडोर्फ गांवीं, संत निकोलसच्या मंदिरांत एक नवें नाताळगीत प्रथमच गाइलें गेलें. शब्द योसेफ मोर नांवाच्या तरुण सहायक धर्मगुरूंचे होते. चाल शेजारच्या गांवचे शाळामास्तर फ्रान्झ गृबर यांची होती. दोघांनीं मिळून तें गाइलें, आणि साथ होती ती गिटारीची. तेंच गीत 'सायलेंट नाइट' या नांवानें आपणां सर्वांस ठाऊक आहे, आणि आज जगांत शेकडों भाषांतून तें गाइलें जातें. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें १९६३ सालीं उपासनेसंबंधीं जी घटना प्रसिद्ध केली, तींत ऑर्गनचें मानाचें स्थान कायम ठेवून इतर वाद्यांसहि वाट मोकळी केली. अट एवढीच कीं, तीं वाद्यें पवित्र कार्यास योग्य असावीं, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभावीं, भाविकांच्या उन्नतीस खरोखर उपकारक व्हावीं, आणि त्यांस त्या त्या प्रदेशांतील धर्माधिकाऱ्यांची संमति असावी.

चार वर्षांनंतर, १९६७ सालीं, 'मूसिकाम साक्राम' नांवाचें सूचनापत्र रोमहून निघालें. वाद्यांनीं गाणाऱ्यांच्या आवाजास आधार द्यावा, आवाज बुडवूं नये. धर्मगुरु किंवा सेवक मोठ्यानें प्रार्थना म्हणत असतां वाद्यांनीं मौन धरावें. आणि वादकाच्या ठायीं कौशल्याबरोबर उपासनेच्या आत्म्याची जाणीवहि असावी, असें त्यांत सांगितलें आहे. आपल्या वर्गाचें अंतिम साध्य यांतूनच निघतें. तें मी सोप्या शब्दांत असें मांडतों: शेवटच्या बाकावर बसलेल्या आजीबाईंस आपल्या आवाजांत, न अडखळतां, गाणें पुरें करतां यावें, इतका स्थिर आधार आपल्या मुलांनीं द्यावा. हें एकदां ठरलें म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. विजेच्या वेगानें बोटें फिरविणें ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु ती आपल्या वाटेवरची पहिली पायरी नव्हे. पहिल्या पायरीची निवड शेवटची पायरी पाहून करावयाची असते.

आतां साध्य कशास म्हणावें? "माझ्या मुलास गिटार यावी" ही इच्छा झाली. "त्यानें मन लावून सराव करावा" हा उपदेश झाला. साध्य या दोहोंहून निराळें आहे. अमेरिकेंतील शिक्षणशास्त्रज्ञ रॉबर्ट मेगर यांनीं १९६२ सालीं या विषयावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. साध्याचीं तीन अंगें असावीं असें त्यांचें म्हणणें: विद्यार्थी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितींत दाखवील, आणि तें कितपत चांगलें झालें म्हणजे पुरे समजावें. "ताल समजला पाहिजे" असें म्हटल्यानें मुलास कांहींच कळत नाहीं, आणि मास्तरांसहि पारख करतां येत नाहीं. परंतु "घड्याळाच्या सेकंदकांट्याबरोबर, एक मिनिटपर्यंत, एकच कॉर्ड न थांबतां वाजवून दाखवावी" असें म्हटलें, कीं मुलास घरीं बसून काय करावयाचें तें कळतें. आणि तें जमलें कीं नाहीं हें सांगावयास मास्तरहि लागत नाहींत, त्याच्या धाकट्या बहिणीसहि तें सांगतां येतें.

साध्य स्पष्ट झालें म्हणजे वाट किती जवळ येते याचा मोठा दाखला ख्रिस्तसभेच्या इतिहासांत आहे. अकराव्या शतकांत इटलींत अरेझ्झो येथें ग्विदो नांवाचे बेनेडिक्टाइन मठवासी मुलांस धर्मगीतें शिकवीत असत. त्या काळीं गीतें ऐकून ऐकून पाठ करावीं लागत, आणि दहा वर्षें घालवूनहि मुलें अपुरींच राहत. ग्विदो यांनीं संत जॉन बाप्तिस्ता यांच्या स्तोत्राच्या ओळींचीं आद्याक्षरें घेऊन उत्, रे, मि, फा, सोल, ला अशीं स्वरांस नांवें दिलीं, आणि कधीं न ऐकलेलें गीतहि पाहून गातां यावें, हें साध्य मुलांपुढें ठेविलें. या रीतीनें एका वर्षांत, फार तर दोन वर्षांत, उत्तम गायक तयार होतो असें त्यांनीं आपल्या एका मठबंधूस पत्रांत कळविलें. मुलें तींच होतीं, त्यांचे गळेहि तेच होते. नवी होती ती रीति, आणि कोठें पोंचावयाचें ह्याची ओळख.

आतां आपल्या वर्गाकडे वळूं. आपला आरंभ ८ सप्टेंबरच्या, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सणानंतर व्हावयाचा आहे. तेथून आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत सुमारें बारा आठवडे मिळतात. या बारा आठवड्यांसाठीं आपण सात साध्यें ठरविलीं आहेत.

पहिलें साध्य बैठकीचें. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मुलानें पाठ सरळ ठेवून बसावें. डाव्या हाताचीं नखें कापलेलीं असावीं. अंगठा दांडीच्या पाठीमागें, आणि बोटाचें टोक पडद्याच्या अगदीं लगत मागें पडावें. पारख अशी कीं, एका तारेवर पहिल्या चार पडद्यांचे चार स्वर खरखर न होतां वाजावे. येथें पालकांस एक सूचना आहे. मोठ्या मापाच्या गिटारीची वाजणारी तार सुमारें ६५ सेंटिमीटर लांब असते. आठ वर्षांच्या मुलाचा हात तिला पुरत नाहीं. अशा मुलास तीनचतुर्थांश मापाची, नायलॉनच्या तारांची गिटार द्यावी. लोखंडी तारांपेक्षां त्या कोंवळ्या बोटांस सोसवतात. वाद्य मुलाच्या मापाचें नसेल तर साध्य कितीहि सोपें असलें तरी तें त्यास जड जाणार.

दुसरें साध्य सुराचें. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सहा तारांचे सूर ई, ए, डी, जी, बी, ई असे असतात. जाड तार पांचव्या पडद्यावर दाबली म्हणजे पुढच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो, आणि पुढेंहि तसेंच. फक्त जी तार चौथ्या पडद्यावर दाबली असतां बी मिळतो. आजकाल मोबाईलवर सूर दाखविणारें साधन मिळतें. तें वापरण्यास आमची ना नाहीं. परंतु डोळ्यांनीं पाहण्यापूर्वीं कानानें ओळखावें. सहाव्या आठवड्यांत मास्तर एक तार मुद्दाम बिघडवितील. कोणती तार बिघडली, आणि ती चढली कीं उतरली, एवढें मुलानें सांगावें. ती स्वतः जुळवितां आली नाहीं तरी चालेल. तें काम पुढच्या सत्राचें.

तिसरें साध्य कॉर्डचें. तीन किंवा अधिक स्वर एकदम वाजून जो स्वरमेळ होतो त्यास कॉर्ड म्हणतात. आरंभ ई मायनरपासून करावा. तिला दोनच बोटें लागतात, पांचव्या व चौथ्या तारेवर, दुसऱ्या पडद्यांत. मग ई मेजर. ई मेजरची बोटांची आकृति जशीच्या तशी एक तार बारीक बाजूस सरकविली कीं ए मायनर होते; आणि ए मायनरमधील एकच बोट उचलून पांचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर नेलें कीं सी मेजर होते. अशा रीतीनें प्रत्येक नवी कॉर्ड जुन्या कॉर्डच्या पोटांतून निघते, आणि मुलास ओझें वाटत नाहीं. पारख करतांना कॉर्ड धरून तारा एकेक करून छेडाव्या. ए मायनरमध्यें पांच तारा वाजवावयाच्या; त्यांपैकीं चार स्वच्छ वाजल्या तर आठव्या आठवड्यास तितकें पुरे. एफ मेजरसारखी, एका बोटानें सगळ्या तारा दाबावयाची कॉर्ड, या बारा आठवड्यांत मुळींच नको. कित्येक मुलांच्या गिटारी याच एका कॉर्डपाशीं खुंटीस लागल्या आहेत.

चौथें साध्य बदलाचें, म्हणजे एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्याचें. घड्याळ समोर ठेवून एका मिनिटांत किती बदल नीट झाले तें मोजावें. किती व्हावे? हा आंकडा मनानें ठरवूं नये. तो गाण्यांतून काढावा. मिनिटास साठ ठोके पडणारें संथ गीत घ्या. चार चार ठोक्यांचा एक गट, आणि दर गटास एक कॉर्ड, असा हिशेब केला तर मिनिटास पंधरा बदल लागतात. चर्चमध्यें थोडी धांदल व्हावयाचीच, म्हणून वीस ठेवावे. वीस कां, असें मुलानें विचारलें तर हा हिशेब त्यास समजावून सांगावा. ज्या आंकड्याचें कारण कळतें तो आंकडा मुलास जाचत नाहीं.

पांचवें साध्य तालाचें. त्याचें स्वरूप वर सांगितलेंच आहे. त्यांत एक गोष्ट अधिक घालतों: डावा हात चुकला तरी उजव्या हातानें थांबूं नये. चुकलेली कॉर्ड मंडळी क्षणांत विसरते. परंतु ताल थांबला कीं सगळी मंडळी गोंधळते. म्हणून दहाव्या आठवड्याच्या पारखेंत मुलाची चूक होते कीं नाहीं हें पाहावयाचें नाहीं. चूक झाल्यावर त्याचा उजवा हात चालत राहतो कीं नाहीं, हें पाहावयाचें.

सहावें साध्य साथीचें. दोन किंवा तीन कॉर्डांच्या एका धर्मगीताचें एक कडवें मुलानें वाजवावें, आणि सहा जणांनीं त्याबरोबर गावें. मास्तरांनीं खोलीच्या मागच्या टोकास उभें राहून ऐकावें. गाण्याचे शब्द स्पष्ट ऐकूं आले काय? कडव्याच्या शेवटीं सहाहि जण एकत्र होते काय? दोन्हींस उत्तर "होय" असेल तर साध्य झालें. वाजविण्यांत अलंकार नव्हते म्हणून उणें मानूं नये.

सातवें साध्य थांबण्याचें, आणि माझ्या मतें हेंच सर्वांत कठीण. खूण होतांच तळहात तारांवर ठेवून नाद मिटवावा, आणि प्रार्थना चालू असतां तारेस बोट लावूं नये. पवित्र मिस्सेंत कोठें वाजवावयाचें व कोठें नाहीं, हें मुलास विचारलें असतां सांगतां यावें. आगमनकाळांत वाद्यें संयमानें वाजवावयाचीं. उपवासकाळांत, कांहीं नेमके सण सोडले तर, गाण्यास आधार देण्यापुरतींच वाजवावयाचीं. हें ज्या मुलास कळलें त्यास नुसतें वाद्य नव्हे, तर उपासनाहि कळूं लागली असें समजावें.

स्वरलिपि यांत कां नाहीं, असें कोणी विचारील. गोव्यांत चर्चच्या शाळांतून मेस्त्र मुलांस आधीं स्वरवाचन शिकवीत, मग हातीं व्हायोलिन देत. त्या पायावर तयार झालेले कित्येक गोमंतकीय वादक पुढें मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नांवाजले. ती परंपरा थोर आहे, आणि दुसऱ्या सत्रांत आपण स्वरलिपीस हात घालणारच. परंतु आठवड्यास एकच तास मिळत असतां बारा आठवड्यांत सर्व कांहीं कोंबूं नये. साध्यें ठरविणें म्हणजे कांहीं गोष्टी आज सोडून देण्याचें धैर्य दाखविणें होय.

आतां पारखेविषयीं. परीक्षा म्हटली कीं मुलाचें काळीज धडधडतें, कारण परीक्षा म्हणजे दोष काढणें अशी त्याची समजूत झालेली असते. पारख कशी असावी हें शिकण्यास मला संत इग्नेशिअस यांच्या आध्यात्मिक साधनेइतका चांगला दुसरा गुरु दिसत नाहीं. त्या ग्रंथास १५४८ सालीं परमगुरूंची मान्यता मिळाली. त्यांत विशेष आत्मपरीक्षणाची एक रीति सांगितली आहे. एका वेळीं एकच दोष निवडावा. सकाळीं निश्चय करावा. दुपारीं व सायंकाळीं, किती वेळां चुकलों, तितके ठिपके कागदावरील रेघेवर काढावे. मग दुपारची रेघ सायंकाळच्या रेघेशीं, आजची कालच्याशीं, हा आठवडा मागच्या आठवड्याशीं ताडून पहावा. यांत शेजाऱ्याच्या रेघेशीं तुलना कोठेंहि नाहीं, हें ध्यानांत घ्या. माझी आजची रेघ आणि माझीच कालची रेघ, एवढेंच.

आपल्या वर्गांतील प्रत्येक मुलास अशीच एक वही मिळेल. तींत रोज तीन गोष्टी लिहावयाच्या: तारीख, कशाचा सराव केला, आणि किती जमलें. सोमवारीं सहा बदल, मंगळवारीं सहाच, बुधवारीं आठ. सहावरून आठावर जाणें ही बाहेरच्या माणसास क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण त्या मुलाच्या दृष्टीनें, मी पुढें जाऊं शकतों याचा तो पहिला लेखी पुरावा असतो. आणि मंगळवारचे सहा पाहून तें निराश झालें तर त्याच वहींत सोमवारचेहि सहा आहेत, बुधवारचे आठहि आहेत. स्मृति आपणांस फसविते, वही फसवीत नाहीं.

दर चौथ्या आठवड्यास मास्तर प्रत्येक मुलास एकेकटें बसवून पारख करतील. इतर मुलें व पालक त्या वेळीं तेथें नसतील. या पारखेस गुण नाहींत, आणि पहिला-दुसरा असा क्रमहि नाहीं. प्रत्येक साध्यापुढें तीनांपैकीं एक शेरा पडेल: "जमलें", "जमत आहे", किंवा "अजून नाहीं". या तिसऱ्या शेऱ्यांतील "अजून" हा शब्द मीं आग्रहानें घालावयास सांगितला आहे. "नाहीं" या शब्दानें दार लागतें. "अजून नाहीं" म्हटल्यानें तें उघडें राहतें. शेऱ्याखालीं मास्तरांनीं एक चांगली गोष्ट व एक सुधारावयाची गोष्ट लिहावी, आणि दोन्ही नेमक्या लिहाव्या. "छान" एवढेंच लिहिल्यानें मूल सुखावतें, पण शिकत नाहीं. "तिसरें बोट पडद्यापासून दूर पडतें, म्हणून दुसरी तार खरखरते" असें लिहिल्यानें तें उद्यां सकाळीं काय करावयाचें तें जाणतें.

शिवाय ही पारख एकट्या मुलाची नव्हे, ती मास्तरांचीहि आहे. वर्गांतील बहुतेक मुलांपुढें "अजून नाहीं" असा शेरा पडूं लागला, तर मुलें मंद आहेत असें न म्हणतां, साध्य फार मोठें होतें किंवा मधली एक पायरी राहून गेली, असें समजावें. पुढचा पाठ थांबवून ती पायरी बांधावी. पारखेनें शिकविणें बदलत नसेल तर ती पारख व्यर्थ होय.

बाहेरच्या परीक्षांविषयींहि कित्येक पालक विचारतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची गिटारची परीक्षा प्रारंभिक श्रेणीपासून आठव्या श्रेणीपर्यंत असते. शंभरांपैकीं ६० गुणांस उत्तीर्ण, ७५ गुणांस विशेष योग्यता, आणि ८७ गुणांस सर्वोच्च श्रेणी मिळते. आपल्या हिंदुस्थानी संगीतांतहि गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेंत प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आहेतच. या परीक्षा उत्तम आहेत, कारण काय येणें अपेक्षित आहे हें त्या आधींच छापून सांगतात. ज्यांस पुढें जावयाचें त्यांनीं अवश्य बसावें. परंतु ज्या मुलाच्या बोटांस अजून घट्टे पडले नाहींत त्याच्या हातीं गुणपत्रिका देण्याची घाई नको.

या बाबतींत संत जेरोम यांचा सोळाशें वर्षांपूर्वींचा सल्ला ऐकण्यासारखा आहे. लाएता नांवाच्या एका मातेस, तिच्या पाउला नांवाच्या लहान मुलीच्या शिक्षणाविषयीं, त्यांनीं पत्र लिहिलें. लांकडाचीं किंवा हस्तिदंताचीं अक्षरें करून द्यावीं, म्हणजे खेळतां खेळतां मुलगी शिकेल. अक्षरें जुळलीं म्हणजे लहानसें बक्षीस द्यावें. मंद गतीनें शिकत असेल तरी रागावूं नये, स्तुतीनें उत्साह वाढवावा. आणि सर्वांत मुख्य म्हणजे तिच्या मनांत शिकण्याचा वीट उत्पन्न होऊं देऊं नये, कारण बालपणीं बसलेला वीट मोठेपणींहि सुटत नाहीं. मोठमोठ्या विद्वानांस ज्यांच्या लेखणीचा धाक वाटे, असे ते संत. पण लहान मुलीच्या बाबतींत किती कोंवळे झाले पहा!

आईबापांनो, तुमच्याकडे मी तीनच गोष्टी मागतों. एक, मुलास रोज पंधरा मिनिटें मोकळीं द्या; रविवारीं एकदम दोन तास बसविण्यापेक्षां रोजचीं पंधरा मिनिटें फलदायी होतात, आणि बोटेंहि सोलत नाहींत. दुसरी, "किती गाणीं आलीं?" असें विचारूं नका, "या आठवड्याचें साध्य काय?" असें विचारा, आणि तें ऐकावयास पांच मिनिटें बसा. तिसरी, शेजारच्या मुलाचें नांव त्या पंधरा मिनिटांत काढूं नका.

ही तिसरी गोष्ट मला प्रभूच्या तालांतांच्या दाखल्यांतून सुचली. तालांत म्हणजे त्या काळचें मोठें धन. धन्यानें एका चाकरास पांच, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक तालांत दिला, तो ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणें. धनी परत आला तेव्हां पांचांचे दहा करणाऱ्यास त्यानें जे शब्द उच्चारिले, तेच शब्द, तितक्याच प्रेमानें, दोहोंचे चार करणाऱ्यासहि उच्चारिले. दहांशीं चारांची तुलना त्यानें केली नाहीं. ज्यास जें दिलें होतें त्याच्याशीं त्याचें ताडून पाहिलें. हीच खरी पारख. आणि तिसऱ्या चाकरानें आपला तालांत जमिनींत कां पुरला? तो स्वतःच सांगतो कीं, त्यास भीति वाटली. आपल्या मुलांस देवानें दिलेलें धन भीतीनें पुरलें जाऊं नये. त्या चाकराच्या धन्यास कठोर म्हणावयाचें कांहीं कारण नव्हतें. पण आपल्या मुलांच्या मनांत ती भीति आपणच घालीत नाहीं ना, याचा विचार प्रत्येक घरानें करावा.

हीं सात साध्यें एका कागदावर छापून वर्गाच्या पहिल्या दिवशीं, वाद्य हातीं देण्यापूर्वींच, प्रत्येक मुलास दिलीं जातील. तो कागद घरांत सर्वांस दिसेल अशा जागीं लावा. बारा आठवड्यांनीं कोणाचीं सातहि साध्यें पुरीं होतील, कोणाचीं चारच. ज्याचीं चार झालीं त्यास पांचवें कोणतें हें ठाऊक असेल, आणि तें गांठण्याची वाटहि त्याच्या वहींत लिहिलेली असेल. तेवढें झालें तर आपला वर्ग सफल झाला असें मी समजेन. गायनमंडळांतील ज्येष्ठ बंधुभगिनींनो, या मुलांस तुमच्या शेजारीं उभें राहण्यास जागा करा. तीं चुकतील तेव्हां मागें वळून पाहूं नका, गात राहा.

पूर्वजांनीं उभारलेल्या या ख्रिस्तमंदिरांत परमेश्वराची स्तुति कधीं खंडित होऊं नये, आणि ती करणाऱ्या लहान हातांस त्यानें धीर द्यावा, अशी पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.